मागं राहिलेल्यांच्या तारखा

माणसाच्या रक्तातली दारू तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम या गतीनं उतरते. १०० मिलिलिटर रक्तामागचा हा हिशेब. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नं घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. समजा, रात्री दोन वाजता एखाद्यानं रस्त्यावर कुणाला उडवलं आणि त्या क्षणी त्याच्या रक्तात ९० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट दारू होती. त्याचं रक्त तीन वाजता घेतलं तर पुरावा हातात असतो. सकाळी सातला घेतलं तर तो मर्यादेच्या आत बसलेला असू शकतो. दुपारी घेतलं तर कागदावर त्यानं थेंबही घेतलेला नसतो.

त्याच कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरला सांगतं, की जखमीला उपचार मिळवून द्या, आणि जागेवर पोलीस नसतील तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, ठाण्यात जाऊन खबर द्या. जमाव मारेल या भीतीनं ट्रकवाले पळतात हे खोटं नाही, आणि त्यांच्यासाठी ही मुदत समजण्यासारखी आहे. पण प्यायलेल्या माणसासाठी २४ तास म्हणजे तासाला १५ च्या हिशेबानं ३६० मिलिग्रॅम. एवढी दारू अंगात असलेला माणूस सहसा स्टिअरिंगवर बसण्याच्या अवस्थेतच नसतो. त्याहून कमी प्यायलेल्या प्रत्येकाला ही मुदत स्वच्छ करून सोडते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कुणाला अटक झाली, तर दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाही तर त्याला सोडावं लागतं. हा आरोपीचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. ड्रायव्हरचं रक्त अमुक वेळेच्या आत घेतलं जाईलच, असा मेलेल्याच्या घरच्यांचा हक्क मात्र कुठे लिहिलेला नाही.

त्या वेळी ही घरची माणसं असतात कुठे? झोपलेली असतात. दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या राज्यात. पोलीस मयताच्या खिशातला मोबाइल काढून शेवटचा नंबर लावतात, म्हणून पुष्कळ घरांत ही बातमी मेलेल्या माणसाच्याच नंबरवरून येते. स्क्रीनवर त्याचं नाव दिसतं आणि पलीकडून अनोळखी आवाज विचारतो, हा नंबर कुणाचा, तुम्ही त्यांचे कोण. मग जीप ठरवायची, कुणाकडून तरी पैसे घ्यायचे, शवागाराबाहेर बसायचं, सह्या करायच्या, देह घेऊन गावाकडे निघायचं. ड्रायव्हरचं रक्त कधी घेतलं, हा प्रश्न त्या अवस्थेत कुणाला सुचेल? पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या घराच्या वाट्याला जे येणार असतं, त्यातलं बरंचसं मात्र त्याच पाच-सहा तासांत ठरून गेलेलं असतं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे झालं, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात बोललं गेलं. नंबर प्लेट नसलेली पोर्श, चालवणारा १७ वर्षांचा, पबमधून निघालेला. मोटारसायकलवरचे दोघं गेले. मध्य प्रदेशातून पुण्यात आयटीतल्या नोकरीसाठी आलेली, चोवीस वर्षांची दोन मुलं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, तरी त्या रात्री त्याच्या टेबलावर दारू आली, असं पोलिसांचं म्हणणं आहे. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला. अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता.

त्या निबंधानं देश पेटला. संताप रास्त होता, पण मला आजही वाटतं, की निबंधाच्या गदारोळात त्याहून मोठी गोष्ट थोडी झाकली गेली. निबंधाची अट हा चुकीचा आदेश होता. आदेश चुकला तर वरिष्ठांकडे जाता येतं, तो बदलता येतो, आणि तसा तो बदललाही गेला. रक्ताच्या नळीचं तसं नसतं. पोलिसांच्या आरोपानुसार, ससून रुग्णालयात घेतलेला मुलाच्या रक्ताचा नमुना बदलण्यात आला आणि त्याजागी त्याच्या आईचं रक्त ठेवलं गेलं. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळवून पाहिला तेव्हा हे उघड झालं, डॉक्टरांना अटक झाली, तो खटला वेगळा उभा राहिला. डीएनएनं फसवणूक पकडली हे खरं. पण डीएनए सांगतो रक्त कुणाचं. त्या पहाटे त्या रक्तात किती दारू होती हे नंतर जगातली कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. आता त्या दोन घरांना न्यायालयात आधार आहे तो सीसीटीव्हीचा, बिलांचा आणि साक्षीदारांच्या स्मरणशक्तीचा. आरोपीला सज्ञान समजून खटला चालवण्याची मागणी बाल न्याय मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली. अल्पवयीन मुलाला सुधारण्याची संधी असावी, या तत्त्वावर माझा विश्वास आहे आणि या प्रकरणानंतरही तो टिकून आहे. पण सुधारणा जे घडलं त्याच्या कबुलीपासून सुरू व्हायची, आणि इथे जे घडलं त्याचा पुरावाच नाहीसा करण्यात मोठी माणसं गुंतली होती, असा आरोप आहे.

कल्याणीनगरनंतर दोन महिन्यांच्या आत, ७ जुलै २०२४ ला, मुंबईत वरळी. ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरनं घरी निघालेलं कोळी जोडपं. पहाटे साडेपाचच्या सुमाराला मागून बीएमडब्ल्यू आली. नवरा बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. बायको गाडीखाली अडकून दीड-एक किलोमीटर फरफटत गेली. गाडी चालवत होता असा ज्याच्यावर आरोप आहे तो तरुण दोन दिवसांनी सापडला. पोलिसांचं म्हणणं, की तो रात्री प्यायला होता. रक्ताच्या तपासणीत दारू आढळली नाही. कशी आढळणार? वर मांडलेला हिशेब इथे लावून पाहा. दोन दिवसांनी कुणाच्याही रक्तात काही उरत नाही.

यात तारखांचा एक योग आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलम १०६ चं दुसरं पोटकलम होतं: बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेलात, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारनं तेवढं पोटकलम बाजूला ठेवून बाकीचा कायदा लागू केला. सहाच दिवसांनी वरळी झालं. ट्रकचालकांची भीती खरी आहे. महामार्गावर जमावाच्या हाती सापडलेल्या ड्रायव्हरचं काय होतं, हे त्यांनी पाहिलंय. पण त्यावर उपाय काढता आला असता. फोनवरून खबर दिली तरी चालेल, जवळच्या कुठल्याही ठाण्यात हजर झालं तरी चालेल, मात्र ठरावीक तासांत रक्त द्यावं लागेल, असं लिहिता आलं असतं. आज मोटार वाहन कायदा सांगतो, की चाचणीला नकार दिला तर तो नकार आरोपीविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो. जो समोर उभा राहून नकार देतो त्याच्यासाठी हे कलम आहे. जो दोन दिवस गायबच झाला, त्याच्यासाठी काय आहे?

ड्रायव्हरचं रक्त मिळेल की नाही याची खात्री नसते, पण मेलेल्याचं शवविच्छेदन ठरलेलं असतं. त्या अहवालात जठरात काय सापडलं आणि वास कसला होता, हे लिहायची जागा असते. मेलेला माणूस पळून जात नाही, वकील बोलावत नाही, नमुना बदलून घेत नाही. म्हणून त्याच्या पोटात काय होतं याची नोंद पक्की राहते. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात हाच कागद त्याच्या बायकोपुढे धरला जातो.

केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातले दारू किंवा नशेत गाडी चालवल्यामुळे झालेले मृत्यू ४,२०१, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे कारण लिहिलंय ‘अतिवेग’. वेग डोळ्यांना दिसतो, ब्रेकच्या खुणांवरून कळतो, कुणीही साक्षीदार सांगतो. दारू वेळेत तपासली तरच दिसते. शनिवारी रात्री अकरानंतर आपल्या महामार्गांवरचे ढाबे आणि परमिट रूम पाहिलेल्या कुणालाही अडीच टक्के हा आकडा पटणं कठीण आहे. म्हणजे कितीतरी घरांना आपलं माणूस कशानं गेलं हे कागदावरून कधीच कळणार नाही. त्यांना गावातल्या कुणाच्या तरी तोंडून समजतं, की अरे, तो तर फुल टाइट होता. हे ऐकून काय करायचं असतं?

घरात काय होतं, ते बाहेरून दिसत नाही. दहाव्याला घाटावर माणसं मावत नाहीत, तेराव्यापर्यंत चूल शेजारचे सांभाळतात. मग नातेवाईक आपापल्या गावी जातात आणि कामं सुरू होतात. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, रेशनकार्डावरचं नाव कमी करणं, गॅसचं कनेक्शन, गाडीचा राहिलेला हप्ता. मयताचा मोबाइल महिनोन् महिने रिचार्ज करत राहावं लागतं, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. घरातल्या एखाद्या लहान्याला त्या फोनची रिंग वाजली की क्षणभर वेगळंच वाटतं. व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो तसाच असतो, गावाकडच्या ग्रुपमध्ये त्याचं नाव तसंच असतं, ते काढायचं कुणाच्या हातून होत नाही.

आजारानं गेलेल्या माणसाच्या घरच्यांना शेवटी पाणी पाजता येतं. जे बोलायचं ते निदान अर्धं तरी बोलून होतं. इथे सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस परत येतो तो गोधडीत गुंडाळलेला, आणि पुष्कळदा तोंड पाहू नका असं सांगितलं जातं. अचानक आणि हिंसेनं आलेल्या मृत्यूनंतर शोक रेंगाळण्याचा, माणसाला जखडून ठेवण्याचा धोका जास्त असतो, हे मानसोपचाराला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत लांबलेल्या शोकाला स्वतंत्र जागा मिळाली. ती यादी २०२२ पासून लागू आहे. आपल्याकडे अशा बाईला म्हणतात, ‘अजून सावरली नाही.’ वर्षश्राद्ध झालं की सावरायला हवं, असा अलिखित नियम आहे. तिची तर अजून पहिली तारीखही नीट लागलेली नसते.

जो वाचतो त्याचं दुःख निराळं. स्कूटर तो चालवत होता, मागं ती बसली होती. मागं बसलेली गेली, हा वाचला. चूक त्याची नव्हती हे पोलीस सांगतात, न्यायालय सांगतं, शेजारी सांगतात. तरी तो विचारत राहतो, की पाच मिनिटं उशिरा का नाही निघालो, दुसऱ्या रस्त्यानं का नाही आलो. ज्यानं मारलं त्याच्या मनात असे प्रश्न येतात की नाही, देव जाणे.

आणि ज्यांचे हातपाय गेले, ज्यांच्या डोक्याला मार लागला, त्यांच्याबद्दल तर आपण बातमीत ‘किरकोळ’ आणि ‘गंभीर’ एवढंच वाचतो. मणक्याला इजा झालेल्या तरुणाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. ती कूस रात्री कोण बदलतं? आई. तिचं वय वाढत जातं, त्याचं वजन तेवढंच राहतं. अशा घरातल्या धाकट्या बहिणीची शाळा सुटली, तर त्याची नोंद कुठल्याच अपघाताच्या रजिस्टरमध्ये होत नाही.

आता दावा. लोक त्याला ‘क्लेम’ म्हणतात. जिल्हा न्यायालयातलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ही या घरांची पुढच्या काही वर्षांची पायरी. फौजदारी खटला सरकार चालवतं. हा दावा घरच्यांना स्वतः लढायचा असतो, आणि समोर बहुतेक वेळा गाडीच्या मालकापेक्षा विमा कंपनी असते. भरपाई कशी काढायची याची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिली. ती पद्धत चांगली आहे, तिनं मनमानी कमी केली. पण ती एका घराला लावून पाहा.

३४ वर्षांचा गवंडी. महिन्याला १५,००० मिळवायचा. मागं बायको, दोन मुलं, आई. वय चाळिशीच्या आत आणि कमाई स्वतःची, म्हणून पुढे वाढणाऱ्या उत्पन्नासाठी ४० टक्के मिळवायचे: २१,०००. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: १५,७५०. बाराने गुणले: १,८९,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. झाले ३०,२४,०००. वर अंत्यविधी, सहवास आणि वारशाच्या नुकसानीचे ठरावीक हजार.

मग विमा कंपनीचा वकील विचारतो, १५,००० कशावरून? गवंड्याला पगारपत्रक नसतं. मुकादम साक्षीला यायला तयार नसतो, कारण त्याला स्वतःच्या वहीची भीती असते. समजा न्यायाधिकरणानं अंदाजानं ८,००० धरले. तेच गणित पुन्हा करा: १६,१२,८००. एका कागदाच्या अभावी त्या घराचे १४,११,२०० रुपये कमी झाले. मयत अविवाहित असेल तर स्वतःच्या खर्चापोटी निम्मी कमाई वजा होते. म्हणजे चोविसाव्या वर्षी गेलेल्या मुलाच्या आईबापांना हिशेबात सांगितलं जातं, की त्याच्या मिळकतीचा अर्धा भाग तुमचा नव्हताच. गृहिणीचं तर आणखी कठीण. घरात राबणाऱ्या बाईच्या कामालाही मोल आहे आणि त्याचंही उत्पन्न धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगावं लागलं.

उलटतपासणीचा कागद ज्यानं वाचलाय त्याला ती वाक्यं विसरता येत नाहीत. साक्षीदार बाई असते. वकील आरोप सुचवतो, ती नाकारते, आणि टंकलेखक ठरलेल्या साच्यात उतरवून घेतो: हे म्हणणे खरे नाही की, मयत हा चुकीच्या बाजूने गाडी चालवत होता. हे म्हणणे खरे नाही की, मयताने हेल्मेट घातले नव्हते. हे म्हणणे खरे नाही की, मयत हा दारूच्या नशेत होता. हे म्हणणे खरे नाही की, मी नुकसानभरपाईच्या लोभाने खोटे सांगत आहे. वकील आपलं काम करतो. थोडा जरी दोष मयताच्या माथी बसला तरी रक्कम तेवढी कमी होते. पण कठड्यात उभ्या असलेल्या बाईला एवढंच कळतं, की जो प्यायला होता त्याला हे प्रश्न अजून कुणी विचारलेले नाहीत आणि तिच्या नवऱ्याबद्दल तिला विचारले जातायत. ड्रायव्हरचं रक्त वेळेवर घेतलेलं आणि त्याचा अहवाल खणखणीत असता, तर यातले निम्मे प्रश्न विचारायची हिंमत झाली नसती.

तिनं दुसरं लग्न केलं का, हाही प्रश्न येतो. विशीत विधवा झालेल्या मुलीनं पुन्हा संसार मांडला तर पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूची भरपाई तिला का द्यावी, असं विमा कंपन्या भांडल्या आहेत. पुनर्विवाहानं तिचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं. पण निकाल यायच्या आधीच्या काळात किती जणींनी केवळ दाव्याच्या भीतीनं लग्न लांबवलं असेल. शिवाय भरपाईत सासूचाही वाटा असतो, आणि असावाच, कारण मुलगा तिचाही गेलाय. एका छपराखाली रडणाऱ्या दोघी त्या रकमेवरून एकमेकींशी बोलेनाशा होतात. मुलांचा हिस्सा मुदत ठेवीत जातो, तो अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. अधेमधे फीसाठी काढायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. ठेवीमागचा हेतू पैसा कुणी लुबाडू नये हाच आहे. तरीही शाळेची फी जूनमध्ये भरावी लागते, अर्जाचा निकाल लागेल तेव्हा लागतो.

रक्त वेळेत मिळालं, तर सगळं सुरळीत होतं का? १२ नोव्हेंबर २००६ चं कार्टर रोडचं प्रकरण आठवा. पहाटे पावणेचार-चारच्या सुमाराला मुंबईत फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर कार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. इथे ड्रायव्हर सापडला होता, रक्त घेतलं गेलं होतं, अहवालात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळलं होतं. तरी आरोप निश्चित करताना त्यात दारूचा उल्लेख राहून गेला आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाला. सत्र न्यायालयानं २००७ मध्ये निष्काळजीपणाचा गुन्हा धरून सहा महिने दिले. सात माणसं, सहा महिने. वर्तमानपत्रांत आलं, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला आणि शिक्षा तीन वर्षांची झाली. १२ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. शिक्षा सौम्य आहे असं नोंदवलं, पण ती वाढवून मागायला राज्य सरकार आलेलं नव्हतं.

त्या वेळी त्या मजुरांच्या घरच्यांना स्वतः अपील करायची सोयही नव्हती. आरोपी सुटला, किंवा हलक्या कलमाखाली दोषी ठरला, तर पीडितानं अपील करावं, ही तरतूद ३१ डिसेंबर २००९ पासून आली. म्हणजे २००७ च्या त्या सहा महिन्यांनंतर त्यांच्या बाजूनं कुणी बोलायचं, तर ते न्यायालयानं किंवा सरकारनंच. फुटपाथवर झोपणाऱ्या मजुराचं घर दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत असतं. तारखेला यायचं तर रोज बुडतो. निकाल लागला हे त्यांना कुणी कळवलं असेल का, हा विचार माझी पाठ सोडत नाही. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवावं, असं लिहिलेलं आहे. ते पाळलं जातं का, हे त्या घरांनीच विचारायला शिकायला हवं.

या सगळ्यात आणखी एक घर असतं, त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. जो प्यायला आणि स्वतःच मेला, त्याचं. ढाब्यावरून मोटारसायकलनं निघाला आणि उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळला. त्याच्या बायकोनं आधी दहा वर्षं दारू सोसली, आता ही वेळ. चूक त्याचीच म्हणून तिला दुसऱ्याच्या विम्यातून काही मिळणं अवघड. गाडीच्या पॉलिसीबरोबर मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघाती संरक्षण घ्यावं लागतं, पण नशेत असलेल्याला ते लागू होत नाही. गावही तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतं. त्यानं जाताना दुसऱ्या कुणाला नेलं असेल, तर तिला त्या दुसऱ्या घराच्या दारासमोरून पाण्याला जावं लागतं. मी तिला बळींच्या यादीबाहेर ठेवायला तयार नाही. आपल्या राज्यात गावोगाव बायकांनी दारूबंदीसाठी मतदान घेऊन बाटली आडवी केली, ती याच घरांतून आलेल्या बायकांनी.

दुःखातून उठून कायद्याशी झुंजणारी माणसंही आहेत. चंदीगडचे हरमन सिद्धू १९९६ च्या एका अपघातापासून व्हीलचेअरवर आहेत. महामार्गालगतच्या दारूच्या दुकानांविरुद्ध ते न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढे काय झालं ते महाराष्ट्रानंही पाहिलं. छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं, शहरांच्या हद्दीतून जाणाऱ्या रस्त्यांना सूट मिळाली, आणि बरीचशी शटरं पुन्हा वर गेली. अमेरिकेत १९८० मध्ये कँडी लाइटनर या बाईंची तेरा वर्षांची मुलगी एका प्यायलेल्या ड्रायव्हरनं मारली. त्यांनी मातांची संघटना काढली आणि तिथले कायदे बदलायला लावले. आपल्याकडच्या आईनं हे का केलं नाही, असं मला कधीकधी विचारलं जातं. तिला क्लेमच्या तारखेतून वेळ मिळेल तेव्हा ती करेल.

मागणी फार मोठी नाही. ज्या अपघातात माणूस मेला किंवा गंभीर जखमी झाला, त्यात हयात ड्रायव्हरचं रक्त ठरावीक तासांच्या आत, दोन स्वतंत्र नळ्यांत, वेळ लिहून आणि चित्रीकरणासह घेतलं जावं. संशय असो वा नसो, गाडी पोर्श असो वा टेम्पो. ते घेतलं नाही तर का नाही, याचं उत्तर तपास अधिकाऱ्यानं लेखी द्यावं. पळालेल्याला पळण्याचा फायदा मिळू नये. आणि पहिल्या दिवसापासून त्या घराला एक माणूस नेमून द्यावा, जो फोन उचलेल.

तोवर ज्यांच्यावर ही वेळ आलीय, त्यांच्यासोबत जाणाऱ्या शेजाऱ्यानं, भावानं, गावातल्या शिक्षकानं काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घ्यावी. ड्रायव्हरचं रक्त घेतलं का आणि किती वाजता, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून अर्जावर पोच घ्यावी. मुकादमाकडून, दुकानदाराकडून, दूध संघाकडून मयताच्या कमाईचा जो काही कागद मिळेल तो तेराव्याच्या आधी मागून ठेवावा, नंतर माणसं टाळायला लागतात. गाडी सापडलीच नाही तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार मिळतात. चूक कुणाची हे सिद्ध न करता मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख मागता येतात. क्लेम दाखल करायला २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असलं, तरी सहा महिन्यांच्या आतच दाखल करावा. आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे बाईला तिचं उत्पन्न विचारत नाहीत. १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो.